मोठ्या झालेल्या मुलांचा वॉर्ड

जन्मतःच सदोष हृदय लाभलेली माणसं मोठी होतात, नोकरी करतात, संसार थाटतात. त्यांच्यासाठी खास डॉक्टर लागतील हे वैद्यकाला फार उशिरा सुचलं, कारण ती मोठी होतील असंच कुणाला वाटत नव्हतं.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आयलीन सॅक्सन या सव्वा वर्षाच्या, निळ्या पडलेल्या मुलीच्या फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढून दिली गेली. कल्पना हेलन टॉसिग यांची, शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लेलॉक यांची. तंत्र कुत्र्यांवर घोटून घेतलेले कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून टाक्या-टाक्याला सांगत होते. (या शस्त्रक्रियेला दोनच नावं मिळाली, थॉमस यांचं राहिलं. तो अन्यायच होता.) आयलीन फार जगली नाही, पण पुढे हजारो मुलं जगली. दशकभरात हार्ट-लंग मशीन आलं आणि हृदय उघडून दुरुस्ती होऊ लागली.

‘मूल बरं झालं’ असं आईवडिलांना वाटे. ते पूर्ण खरं नव्हतं. टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषात फुप्फुसाकडची अरुंद वाट रुंद करताना तिथली झडप अनेकदा गळकी होते. रक्त मागे येत राहतं, उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो आणि ऐन तारुण्यात ठोके बिघडू लागतात. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या हृदयांसाठी टोरंटोत १९६३ साली सुरू झालेल्या मस्टर्ड शस्त्रक्रियेनंतर तर साऱ्या शरीराला रक्त पुरवण्याचं काम आयुष्यभर उजव्या कप्प्यावरच पडतं; त्याची बांधणी त्यासाठी नाही. त्यात गरोदरपण आलं की रक्ताचं प्रमाण वाढतं, भार वाढतो. बालरोग विभागात या तरुणांचं वय बसेना, आणि मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञांची नजर तुंबलेल्या धमन्यांना सरावलेली.

टोरंटोत १९५९ पासून अशा रुग्णांसाठी क्लिनिक होतं. पण हक्काचा वॉर्ड उघडला तो हृदयतज्ज्ञ जेन समरविल यांनी, १९७५ साली, लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये. आपले गुरू पॉल वुड यांचं नाव त्यांनी त्याला दिलं. मला ही घटना पहिल्या शस्त्रक्रियेइतकीच मोठी वाटते. विखुरलेले रुग्ण एका छताखाली आले, म्हणूनच वीस-तीस वर्षांनी दुरुस्त हृदयाचं काय होतं हे डॉक्टरांना सलग पाहता आलं. १९८० मध्ये जोसेफ पर्लॉफ यांनी लॉस एंजलिसमध्ये असं केंद्र उभारलं. अमेरिकेत या उपशाखेची पहिली प्रमाणपत्र परीक्षा व्हायला मात्र २०१५ उजाडलं.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरमधून झाली. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची हृदयंही तपासली जातात, गरज असेल तर शस्त्रक्रिया होते. त्या पहिल्या वर्षांतली शाळकरी मुलं आता विशी ओलांडताहेत. त्यांतली एखादी पहिलटकरीण तालुक्याच्या डॉक्टरांपुढे येईल, तेव्हा लहानपणी नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे सांगणारा कागद तिच्या हाती हवा, आणि तिला पुढे कुठे पाठवायचं हे डॉक्टरांना ठाऊक हवं.