भिंतीवरचे गुरू

आमच्या माजघरात देवळीच्या वर कुंभारणीने चिखलाची इवलीशी कुपी बांधली होती. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. आत काय आहे हे पाहण्याच्या हौसेने मी ती खिळ्याने उकरली. आतून पाच-सहा हिरव्या अळ्या खाली पडल्या. मेलेल्या म्हणाव्यात तर किंचित हलत होत्या, जिवंत म्हणाव्यात तर एकही चालेना.

आजी धावत आली. "मेल्या, कुणाचं घर मोडलंस!" मग राग ओसरल्यावर तिने सांगितले, की कुंभारीण अळीला कोंडते, बाहेरून गुणगुणते, आणि भयाने तिचेच ध्यान लागून अळीची कुंभारीण होते.

"पण अळ्या सहा आहेत, आजी. मग सहा कुंभारणी निघतील का?"

"ते नाथांना विचार," ती म्हणाली.

आजी चातुर्मासात नाथभागवत वाची. एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या या ग्रंथात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यांत पृथ्वी-वायूंबरोबर कपोत आहे, पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे आणि शेवटी ही कुंभारीणही आहे. घराच्या आढ्याखालच्या जिवांना इतक्या मानाने बसवणारा ग्रंथ मला दुसरा ठाऊक नाही. पण शिकवण हाती आली, की शिष्य पुढच्या गुरूकडे वळे. कुपी फोडून पाहण्याचे त्याला कारणच नव्हते.

ते कारण असलेला एक माणूस साताऱ्यातच जन्मला, 1851 मध्ये. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे त्याचे नाव. आद्याक्षरांवरून 'एहा' या नावाने तो लिही. पोटापाण्यासाठी जकात व मीठ खात्यात नोकरी, आणि रिकाम्या वेळात आपल्याच बंगल्यातल्या उंदीर, मुंग्या, पाली, कावळे, वटवाघळे यांची विचारपूस. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक त्यातूनच झाले. त्यात वाघाच्या शिकारी नाहीत, हेच त्याचे मोठेपण. पुढे गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर हिवतापाची चौकशी करताना त्याला ॲनोफिलीस वर्गातला एक नवा डास सापडला, आणि त्या डासाला याचेच नाव दिले गेले! 1889 च्या 'बिहाइंड द बंगलो'त मात्र त्याने घरच्या नोकरांकडेही याच भिंगातून पाहिले. ते मला अजून खटकते.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. एटकिन तिचा पहिला चिटणीस. त्या आठांत दोन आपलेही होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. या दोघांच्याही घरी कुणी आजी पोथी वाचीत असेल काय, असे माझ्या मनात नेहमी येते. संस्थेचे नियतकालिक 1886 मध्ये निघाले ते इंग्रजीत. माझ्या आजीच्या माजघरापर्यंत ते कसे पोचावे?

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला कॉलेजात मिळाले. कुंभारीण कुपीत स्वतःचे अंडे घालते. अळ्यांना नांगी मारून ती लुळ्या करते, पण मारीत नाही; मेल्या तर कुजतील. मग तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातले पिलू त्या ताज्या शिदोरीवर वाढते आणि भिंत कोरून बाहेर येते. अळीची कुंभारीण होत नाही. अळी तिच्या पोटात जाते.

सुट्टीत मी हे मोठ्या ऐटीने आजीला सांगितले. तिने पोथी मिटली.

"आणि त्या दिवशी तू फोडलंस, त्यातलं पिलू?"

मला उत्तर सुचेना. खाली पडलेल्या अळ्या मी मोजल्या होत्या. अंडे शोधलेच नव्हते.

त्या दिवाळीला चुना काढणाऱ्या गड्याला आजीने देवळीच्या वरची वीतभर भिंत सोडायला लावली. तिथे एक नवी कुपी होती. पाहुणे विचारीत, तेवढाच तुकडा कळकट का राहिला?

"आत बाळंतीण आहे," ती सांगे.