कर शून्य, तरी खिशाला भुर्दंड का? कमी उत्पन्न असणाऱ्यांनी आयकर रिटर्न भरताना काय तपासावं

जून-जुलै आला की मीरा रोड आणि भाईंदर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांवर 'आयटीआर भरून मिळेल' अशा पाट्या दिसू लागतात. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यांतले कामगार, दुकानांतले सेल्समन, डिलिव्हरीचं काम करणारे तरुण, क्लास घेणाऱ्या शिक्षिका अशा अनेकांना प्रत्यक्षात एक रुपयाही आयकर लागत नाही. तरीही रिटर्नच्या निमित्ताने त्यांचे पैसे जातात. हे पैसे सरकारी करापोटी नाही, तर उशीर, कमिशन आणि भीती यांपोटी जातात.

रिटर्न कोणी भरायचं?

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यापुढे १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर कर मोजला जातो, पण सवलतीमुळे (रिबेट) तो शून्य होतो. शेअरच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला मात्र ही सवलत मिळत नाही. पगारदारांना त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. 'कर शून्य' म्हणजे 'रिटर्न नको' असं नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. उत्पन्न त्याहून कमी असलं, तरी काही वेळा ते बंधनकारक असतं. उदाहरणार्थ, वर्षभरात २५ हजार किंवा जास्त टीडीएस कापला गेला (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजार), वीजबिलांवर १ लाखाहून अधिक खर्च झाला किंवा परदेश प्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च झाला असेल तर.

रिटर्न भरायला सरकार किती पैसे घेतं?

काहीच नाही. आयकर विभागाच्या इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर रिटर्न मोफत भरता येतं. पगार, बँकेचं व्याज आणि कापलेला टीडीएस यांची बरीचशी माहिती फॉर्ममध्ये आधीच भरलेली असते. ती दोन गोष्टींशी ताडून पाहायची: मालकाने दिलेला फॉर्म १६ आणि संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण (एआयएस).

पगार, एखादं घर आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न असेल तर 'सहज' म्हणजे आयटीआर-१ पुरतो. छोट्या दुकानदारांसाठी 'सुगम' म्हणजे आयटीआर-४ आहे. त्यात ठरावीक मर्यादेतल्या उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा धरून रिटर्न भरता येतं. त्यासाठी सविस्तर हिशेबवह्या लिहून घेण्याचा खर्च करावा लागत नाही.

रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो टाकला की काम झालं. साध्या पगारदाराला डिजिटल सही विकत घ्यावी लागत नाही, की चर्चगेटच्या आयकर भवनापर्यंत लोकलने जावं लागत नाही. पडताळणी राहिली तर मात्र रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

उशीर झाला तर?

पगारदारांसाठी मुदत साधारणपणे ३१ जुलैची असते. कधी ती वाढवली जाते, पण त्या भरवशावर राहू नये. मुदतीनंतर ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरता येतं, पण विलंब शुल्क लागतं. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार रुपये, त्याहून जास्त असेल तर ५ हजार. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल आणि रिटर्न बंधनकारक नसेल, तर शुल्क नाही.

समजा, एखाद्याचा पगार महिना ४८ हजार आहे. वर्षाचे ५ लाख ७६ हजार होतात. ७५ हजारांची वजावट गेली की उरतात ५ लाख १ हजार. कर शून्य. पण हेच रिटर्न १५ ऑगस्टला भरलं आणि मुदत ३१ जुलैची असेल, तर ५ हजार रुपये भरावे लागतील. कर नसताना निव्वळ पंधरा दिवसांच्या विसराळूपणाची ही किंमत.

रिफंडवर कमिशन द्यायचं का?

कंत्राटावर काम करणाऱ्या अनेकांच्या मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो. महिना २५ हजार मिळत असतील तर वर्षाचे ३ लाख आणि कापलेला टीडीएस ३० हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर हे सगळे ३० हजार परत मिळतात. 'रिफंड काढून देतो, १० टक्के द्या' असं म्हणणारा एजंट त्यातले ३ हजार घेतो. रिफंड तो मंजूर करत नाही. रिटर्न बरोबर असेल आणि बँक खातं संकेतस्थळावर प्रमाणित केलेलं असेल, तर रक्कम थेट खात्यात येते.

३१ डिसेंबरही चुकवला तर रिफंडच अडकतो. त्यानंतर भरता येणाऱ्या 'अद्ययावत' रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. मग विभागाकडे विलंब माफ करण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो.

बँकेच्या मुदत ठेवीवरचा टीडीएस आधीच टाळता येतो. कर लागणार नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसं घोषणापत्र द्यायचं. आतापर्यंत ते १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच या नावाने ओळखलं जात आलं आहे. त्याला शुल्क नसतं.

'जास्त रिफंड'चं आमिष

काही एजंट न दिलेल्या देणग्या, न भरलेलं घरभाडं किंवा राजकीय पक्षाला दिलेली खोटी वर्गणी दाखवून रिफंड फुगवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या दाव्यांविरुद्ध देशभर मोठी मोहीम उघडली. त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. अशा प्रकरणात चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कमिशन एजंटने घेतलेलं असलं, तरी नोटीस ज्याचं पॅन आहे त्याच्याच नावे येते.

त्यामुळे रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेतलं तरी खात्यावर मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच ठेवावा. पासवर्ड आपल्याकडे असावा आणि भरलेल्या रिटर्नची प्रत मागून घ्यावी.

पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर कापलाय?

हा आयकर नाही, राज्य सरकारचा कर आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. तरीही २०० रुपये कापले जात असतील, तर मालकाला विचारावं.

धमकीचा फोन आला तर?

कराच्या भीतीचा धंदा मीरा रोडने जवळून पाहिला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. 'आम्ही तुमच्या कर खात्याचे अधिकारी आहोत, थकबाकी भरा, नाहीतर अटक होईल' असं सांगून पैसे उकळले जात होते.

तीच युक्ती इथेही वापरली जाऊ शकते. आयकर विभाग फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाचा तपशील मागत नाही. विभागाच्या पत्रावर ओळख क्रमांक (डीआयएन) असतो आणि पत्र खरं आहे का, हे संकेतस्थळावर मोफत तपासता येतं. शंका असेल तर विभागाची टोल-फ्री हेल्पलाइन आहे: १८०० १०३ ००२५.

मग सीएकडे कधी जावं?

घर विकलं असेल, शेअरमध्ये सतत उलाढाल असेल, परदेशातून उत्पन्न येत असेल किंवा नोटीस आली असेल, तर जाणकाराची फी वाचवणं महागात पडतं. पण एकच पगार, एकच बँक खातं आणि हातात फॉर्म १६ असेल, तर एका संध्याकाळी घरबसल्या काम होतं. जून अखेरीपर्यंत पॅन-आधार जोडणी, बँक खातं आणि मोबाइल नंबर एवढं तपासून ठेवलं, तर जुलैच्या घाईत कोणाच्या पाटीखाली रांग लावावी लागत नाही.