लांडगा, अंडी आणि साडेतीन मेगाहर्ट्झ

जुना खेळ त्याहून जुनाट वाटणाऱ्या यंत्रावर नव्याने लिहायचा, हा उद्योग ऐकायला अगदी रिकामटेकडा वाटतो. पण जगभरातले हौशी लोक गेली कित्येक वर्षं तो मनापासून करताहेत. निन्टेन्डोचे तळहाताएवढे 'गेम अँड वॉच' खेळ स्पेक्ट्रमसारख्या घरगुती संगणकावर आणायचे. कशासाठी? मला वाटतं, एखाद्या वस्तूतलं नेमकं काय गेलं की ती वस्तूच गेली म्हणायचं, हे कळायला याच्याइतका चांगला धडा नाही.

आधी थोडा इतिहास. गनपेई योकोई हा निन्टेन्डोचा खेळणी बनवणारा माणूस. जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असं सांगतात. 1980 साली 'बॉल' हा पहिला खेळ आला. 1991पर्यंत या मालिकेतले साठेक खेळ निघाले आणि एकूण 4 कोटी 34 लाख नग खपले. योकोईचं सूत्र साधं होतं: नव्या तंत्रज्ञानाच्या मागे धावू नका, जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते भलत्याच कामाला लावा. आपण याला शिळ्या कढीला ऊत म्हणून नाक मुरडलं असतं. त्याने त्याच कढीवर कंपनी जेवू घातली!

1981 साली या मालिकेत 'एग' नावाचा खेळ आला. चार घसरगुंड्यांवरून अंडी घरंगळत येतात आणि मधे उभा असलेला लांडगा ती झेलतो. बस्स, एवढंच. सोव्हिएत रशियात 1984 साली 'इलेक्ट्रॉनिका' या छापाखाली त्याची हुबेहूब नक्कल निघाली. तिथला लांडगा 'नू, पगादी!' या लाडक्या कार्टूनमधला होता. मराठीत सांगायचं तर 'थांब, बघतोच तुला!' त्या खेळाबद्दल मुलांमध्ये एक अफवा होती: हजार गुण झाले की पडद्यावर खरंखुरं कार्टून दिसतं. एका पिढीने त्यासाठी अंगठे झिजवले.

कार्टून अर्थातच कधी दिसलं नाही, दिसणं शक्यच नव्हतं. या खेळांच्या पडद्यावर आजच्यासारखे ठिपके नसतात. लांडग्याचा हात, प्रत्येक जागचं अंडं, फुटलेलं अंडं, ही सगळी चित्रं काचेवर आधीच कोरलेली असतात. वीज मिळाली की ती काळी दिसतात, नाही मिळाली की अदृश्य होतात. कारखान्यात जे कोरलं नाही ते कितीही गुण मिळवले तरी दिसणार नाही. अंडं घरंगळतं असं आपल्याला वाटतं, पण खरं तर एका जागचं अंडं विझतं आणि पुढच्या जागचं उजळतं. मधला प्रवास आपलं मन करतं.

आता हे स्पेक्ट्रमवर आणू या. 1982 साली ब्रिटनमध्ये आलेला हा रबरी बटणांचा संगणक. भारतातही 1980च्या दशकात तो परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकला गेला. रशियात तर 1980च्या दशकाच्या अखेरीपासून त्याच्या घरगुती नकलांचं पीकच आलं. त्यात साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रोसेसर होता आणि पडदा 256 बाय 192 ठिपक्यांचा. ताकद शार्पच्या त्या 4 बिटांच्या चिपपेक्षा कितीतरी जास्त. आणि नेमकी इथेच गोम आहे.

ताकद आहे म्हटल्यावर पहिला मोह होतो तो अंडं सुरळीत घरंगळवण्याचा. एकेक ठिपका पुढे, अगदी लोण्यासारखं. आणि खेळ मरतो! कारण त्या खेळाचा जीव टिक-टिकमध्ये आहे. तो घड्याळाचा सख्खा भाऊ. टिक झालं की अंडं एक पायरी खाली. खेळणारा नुसता डोळ्यांनी खेळत नाही, कानांनीही ताल मोजतो. ती पायरी काढून टाकली की ताल गेला.

म्हणून जाणकार उलटं करतात. स्पेक्ट्रम सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवतो. ते पन्नास ठोके मोजायचे, ठरावीक ठोक्यांनी एकदा 'टिक' करायचं आणि मधल्या काळात मुकाट थांबायचं. आवाज तर आखूडच ठेवावा लागतो, कारण स्पेक्ट्रमचा भोंगा स्वतः प्रोसेसरलाच वाजवावा लागतो. तो वाजतोय तोवर बाकीची कामं खोळंबतात. स्पेक्ट्रमची बदनाम खोड म्हणजे आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग. एरवी दोन आकृत्या जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीला लागतो. इथे मात्र ती फारशी आड येत नाही, कारण कोरलेली चित्रं एकमेकांवर चढतच नाहीत. चार बटणंही चपखल बसतात: डावीकडे क्यू आणि ए, उजवीकडे पी आणि तिच्या खालची एंटर.

हे नुसते लाड नाहीत. मूळ खेळ मरताहेत. सेल गळून आतले पत्रे गंजतात, काच काळवंडते. खेळाचे नियम चिपमध्ये असे बंद की काही चिपा फोडून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातली एक-शून्यं वाचावी लागली. ती वाचली म्हणून मूळ प्रोग्रॅम आज मेम या एम्युलेटरवर चालतात. तो झाला दस्तऐवज. हाताने पुन्हा लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे. चीज जुन्या ध्वनिमुद्रिकेत ऐकायला मिळते, पण गळ्यावर चढवायची तर लय कुठे धरायची हे स्वतःलाच कळावं लागतं.

योकोई 1997 साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. 2020 साली निन्टेन्डोने 'गेम अँड वॉच' पुन्हा बाजारात आणला, चांगला रंगीत पडद्याचा. दिसतो देखणा. पण त्याला हवं ते चित्र दाखवता येतं. त्या जुन्या काचेला येत नव्हतं, आणि तरीही हजाराव्या गुणानंतर काहीतरी दिसेल असं मुलांना वाटत राहिलं.

ताकद असताना थांबता येणं, हे त्या हौशी लोकांकडून शिकण्यासारखं आहे. असो.