पलंगावरचे खोके: छंद, संग्रह आणि साठा

पाठदुखी घेऊन आलेल्या एका पस्तिशीतल्या गृहस्थांना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "झोपता कशावर?" ते गप्प राहिले. उत्तर पत्नीने दिलं, "खाली सतरंजीवर, डॉक्टर. पलंगावर यांच्या गेमचे खोके आहेत." टीव्हीला जोडायचे जुने व्हिडिओ गेम, त्यांचे रिमोट, कॅसेटी. नायगावहून नांदेडला गेले की भंगाराच्या दुकानात चक्कर ठरलेली, आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर खरेदी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तुमच्यापैकी अनेकांनी त्या कॅसेटी हाताळल्या असतील. निंटेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' बाजारात आणला. नव्वदच्या दशकात आपल्या गावांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि लावून पाहिलं की तेच मोजके खेळ फिरून फिरून यायचे. कॅसेट चालली नाही की आपण जोरात फुंकर मारायचो. खरं तर फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात, तेव्हा आता तसं करू नका.

जुन्या वस्तू जमवणं हा आजार आहे का? मुळीच नाही. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे आणि त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली ती राजेरजवाड्यांच्या तलवारींवर न थांबता दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तूंपर्यंत गेली. संख्या वीस हजारांच्या वर पोचली. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. पुढे सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आजही त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो, म्हणजे जागेची अडचण तिथेही आहेच. पण काय जमवायचं हे काकांना ठाऊक होतं, जमवलेलं लोकांना दाखवायचं होतं, आणि शेवटी ते त्यांच्या हातून सुटलंही.

दुसरं टोक न्यूयॉर्कमधलं. होमर आणि लँगली कॉलियर हे दोघे भाऊ हार्लेम भागातल्या घरात राहत. मार्च १९४७ मध्ये पोलीस आत शिरले तेव्हा घर वर्तमानपत्रं, पियानो आणि मोडक्या सामानाने भरलेलं होतं. अंध, अंथरुणाला खिळलेला होमर मृतावस्थेत सापडला. लँगली त्याच्यापासून काही फुटांवरच सामानाखाली दबून मेला होता, पण तो सापडायला आठवडे लागले. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं.

अशा माणसांना लोक नुसतं 'चक्रम' म्हणत. डॉक्टरांनाही नीट व्याख्या करायला वेळ लागला. १९९६ साली रँडी फ्रॉस्ट आणि तमारा हार्टल यांनी जी मांडली तिचा गाभा असा: टाकून देणं जमत नाही, घराच्या जागा ज्या कामाच्या त्या कामाला उरत नाहीत, आणि त्यामुळे त्रास होतो किंवा जगणं अडतं. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत 'साठेबाजी विकार' स्वतंत्र आजार म्हणून आला. नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आला. यात कुठेही आकडा नाही, हे लक्षात घ्या. पाचशे कॅसेटी फळीवर लावलेल्या असतील तर छंद, पन्नास पलंगावर असतील तर मला तुमच्याशी बोलायचं आहे.

'पूर्ण संच करायचा' ही इच्छा मात्र व्हिडिओ गेमच्या बाबतीत विशेष घातक. एका प्लेस्टेशन २ साठीच चार हजारांहून अधिक खेळ निघाले. रोज एक खेळायचा म्हटलं तरी दहा वर्षं पुरतील.

त्या गृहस्थांना आजार होता का? माझ्या मते नव्हता. खोके हलवायला सांगितल्यावर ते चिडले नाहीत, लाजले. आजारात वस्तू टाकायचा विचारही असह्य होतो. तसं असेल तर घरच्यांनी परस्पर भंगारात देऊ नये, त्याने भांडण आणि अविश्वासच वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, बोलण्याच्या उपचाराचा उपयोग होतो. यांना मी एवढंच सांगितलं: लहानपणी खरोखर खेळलेले खेळ वेगळे काढा, एक कपाट ठरवा, ते भरलं की नवीन आणण्याआधी एक द्या. रात्री दहानंतर खरेदी बंद. दोन महिन्यांनी पाठ दाखवायला आले तेव्हा पलंग मोकळा झाला होता. अर्धं सामान अजून माळ्यावर आहे, असं पत्नीने हळूच सांगितलं.

एक काळजी मात्र आजच घ्या. हातात धरायच्या जुन्या गेममध्ये चपटे बटण सेल असतात. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. सुटे सेल आणि झाकण निघालेले गेम मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवा.