एव्हरेस्टवरचा मोजा आणि हरिश्चंद्रगडावरची हुडी

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. आजचा विषय आहे एक मोजा. हो, पायात घालायचा मोजा.

सप्टेंबर २०२४. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, तिबेटमधल्या रोंगबुक हिमनदीवर जिमी चिन आणि त्याच्या सोबत्यांना बर्फातून वर आलेला एक जुना चामडी बूट दिसला. बुटात पाऊल होतं, पावलावर लोकरीचा मोजा होता, आणि मोज्याला शिवलेल्या लेबलवर नाव होतं: ए. सी. आयर्विन.

अँड्र्यू आयर्विन, वय २२, ऑक्सफर्डचा विद्यार्थी. ऑक्सिजनची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्यात पटाईत. ८ जून १९२४ रोजी तो आणि जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाले. ढग क्षणभर बाजूला झाले तेव्हा त्यांचा सहकारी नोएल ओडेल याला ते वर चढताना दिसले. ढग परत आले. ते दोघं मात्र आले नाहीत.

मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला. शोधणाऱ्यांना आधी वाटलं, हा आयर्विनच. ओळख पटली ती कपड्यावरच्या नावाच्या लेबलमुळे. म्हणजे दोघांचीही ओळख सांगितली ती कपड्यांनी.

आता आपण सगळे काय ऐकत आलोय? की बिचारे स्वेटर आणि कोट घालून एव्हरेस्टवर गेले, मरणारच ना! ही थट्टा तेव्हाही व्हायची. १९२१ च्या मोहिमेचा फोटो बघून बर्नार्ड शॉ म्हणाला होता की ही मंडळी आयर्लंडमध्ये सहलीला गेली आणि अचानक बर्फात सापडली अशी दिसतात.

पण मॅलरीच्या अंगावरच्या कापडांचा अभ्यास करून संशोधकांनी तसेच कपडे पुन्हा बनवले, आणि २००६ मध्ये ग्रॅहम हॉयलंड ते घालून एव्हरेस्टच्या परिसरात फिरला. कपडे हलके निघाले, हालचालीला मोकळे निघाले. आत रेशमाचे आणि सुती पातळ थर, त्यावर लोकरी फ्लॅनेलचा शर्ट, लोकरी स्वेटर, आणि सगळ्यात बाहेर वारा अडवणारं गॅबर्डीन. रेशमामुळे थर एकमेकांवर घसरतात, हात उचलताना अडकत नाहीत. आज ट्रेकिंगच्या दुकानात ‘लेअरिंग’ म्हणून जे शिकवतात, ते हेच. हॉयलंडचा निष्कर्ष साधा होता: हवा चांगली असेल आणि माणूस चालत असेल, तर हे कपडे पुरेसे आहेत. उघड्यावर रात्र काढायला नाहीत.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. एका मित्राचा पहिलाच ट्रेक. त्याने विचारलं, काय घालू? मी म्हटलं, “वर गार असतं, जाड हुडी घे.” त्याने घेतली. सुती. खाली जीन्स. चढताना घाम, वरून पाऊस. चालत होतो तोवर मजेत होता. माथ्यावर वाऱ्यात अर्धा तास थांबलो आणि तो थरथरायला लागला. मग बोलणं अडखळायला लागलं. बोटांनी त्याला बॅगेची चेनसुद्धा उघडता येईना. इकडे आम्ही हसत होतो.

तेवढ्यात डोक्यावर घोंगडीचा घोंगता घेतलेले एक काका आले. त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, “आधी त्याची ती ओली कापडं काढा.” झोपडीत नेलं, कोरडं नेसवलं, घोंगडी गुंडाळली, चुलीपाशी बसवलं, गोड चहा पाजला. तासाभराने तो माणसात आला. कपडे कुठले घालायचे हे मीच सांगितलं होतं, हे मी अजून विसरलेलो नाही.

हुडीपेक्षा ती घोंगडी जास्त भिजली होती, मग फरक काय? सुती धागा भिजला की कापड अंगाला चिकटतं, त्यातली हवा जाते आणि अंगाची उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. लोकरीचा धागा कुरळा असतो, ओला झाला तरी फुगीर राहतो, हवा धरून ठेवतो. आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा तो पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. वर, ओलावा शोषताना थोडी उष्णताही सोडतो. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ आणि हातमाग यातून बनलेल्या घोंगडीने आपल्या धनगरांना किती पावसाळे काढून दिले असतील, विचार करा.

मग घोंगडी घालून ट्रेक करायचा का? दख्खनी लोकर जाड, अंगाला टोचते. कातडीला लागून घालायला मेरिनो बरी, कारण तिचा धागा बारीक, साधारण १९ मायक्रॉनच्या आसपास. घेताना लेबल वाचा. ‘वूलन’ म्हणून विकतात त्यात कित्येकदा ॲक्रिलिकच असतं. चालण्यासाठी १५० ते २०० जीएसएमचं पातळ कापड घ्या, जाडजूड नको. बजेट कमी असेल तर सुरुवात मोज्यांपासून करा. आणि पावसात वरून वारा-पाणी अडवणारा थर हवाच. मॅलरीकडेही होता.

आता धुणं. माझा पहिला मेरिनो टी-शर्ट मी गरम पाण्याच्या सायकलला टाकला आणि पुतणीच्या मापाचा बाहेर काढला. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. नमदा असाच बनवतात, फक्त तिथे तो मुद्दाम बनवतात. म्हणून थंड पाणी, सौम्य साबण किंवा रिठे. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, आणि सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनाने लांबतं. डाग खाणाऱ्या पावडरीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात आणि लोकर हे प्रथिनच आहे, तेव्हा ती पावडर नको. दर वेळी धुवायचीही गरज नाही, रात्रभर हवेशीर ठेवलं तरी वास जातो. पण कपाटात ठेवताना मात्र धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. घामाच्या डागांवर कसर आधी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुठलीही लोकर जादू करत नाही. मॅलरी-आयर्विनचे कपडे चालत्या माणसाचे होते. थांबलात की अंगातली भट्टी विझायला लागते. बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड ठेवा, आणि कोणी थरथरत असेल तर हसू नका.

मित्र आता पुन्हा ट्रेकला येतो. मागच्या वाढदिवसाला मी त्याला लोकरीचे मोजे दिले. आईकडून त्यावर त्याचं नाव शिवून घेतलं.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, कोरडे राहा!