मालदीवचा परदेशी काझी

मुसलमान मुलखात मुसलमान परका नसतो, असे आपण सहज बोलून जातो. इब्न बतूता १३४३ साली मालदीवला उतरला. लोक नमाजी, सौम्य. तिथे इस्लाम आणणारा बुजुर्गही, त्याच्या सांगण्याप्रमाणे, त्याच्याच मगरिबचा. पण तख्तावर बाई! सुलताना खदीजा, जुम्याच्या खुतब्यातही तिचेच नाव. बायका कमरेला वस्त्र नेसत, वरचे अंग उघडेच.

तो तिथे काझी झाला. जुम्याला न येणाऱ्यांना त्याने शिक्षा केल्या. एका चोराचा हात तोडायला सांगितला, तेव्हा खोलीतले काही बेटवासी बेशुद्ध पडले. बायकांनी अंग झाकावे, हा हुकूम मात्र कोणी मानला नाही. फिर्याद घेऊन येणारी तेवढ्यापुरती पांघरून येई.

आमच्या मराठीवरून, आयाबायांच्या लुगड्यावरून ‘हे कसले मुसलमान?’ असे विचारणारे आम्हालाही भेटले आहेत. म्हणून हा काझी आम्हाला ओळखीचा वाटतो. माणूस प्रामाणिक खरा, आपली हार लपवत नाही. आपल्या काही दासींना त्याने दिल्लीच्या रीतीचे कपडे घालायला लावले, डोकी झाकायला लावली. सवय नसल्याने ते त्यांना शोभले नाहीत, असे तोच लिहितो. पुढे वजीराशी बिनसले आणि १३४४ मध्ये त्याने बेटे सोडली.