धारेचा कोन

धारेचा कोन म्हणजे चाकू, सुरी, कोयता इत्यादी हत्यारांच्या पात्याचे दोन उतार जेथे एकत्र येतात तेथे होणारा कोन होय. धार लावताना प्रत्येक बाजूस पाते व दगड यांत ठेवलेला कोन आणि दोन्ही बाजूंचा मिळून होणारा एकूण कोन, असे दोन प्रकारे त्याचे मोजमाप सांगतात. प्रत्येक बाजूस २० अंश ठेवल्यास एकूण कोन ४० अंशांचा होतो.

निवडीचे तत्त्व

कोन जितका लहान तितके पाते सहज कापते. परंतु धारेमागे पोलाद कमी उरल्याने कड वळते किंवा तिचे टवके उडतात. कोन मोठा असल्यास धार टिकते, मात्र कापताना जोर अधिक लागतो. बोथट चाकूवर जोर दिल्यास तो घसरून इजा होण्याचा धोका असतो. कठीण पोलाद लहान कोन पेलते. मऊ पोलादास मोठा कोन मानवतो.

प्रत्येक बाजूचे सर्वसाधारण कोन पुढीलप्रमाणे आहेत :

- दाढीचा वस्तरा : ८ ते १० अंश
- स्वयंपाकघरातील सुरी : १५ ते २० अंश
- खिशातील घडीचा चाकू : २० ते २५ अंश
- कोयता, कुऱ्हाड : २५ ते ३० अंश

फळे व कागद कापण्यासाठी घडीच्या चाकूस २० अंश पुरतात. सुतळी, पुठ्ठा किंवा लाकूड यांसाठी २५ अंश योग्य ठरतात.

मोजमाप

पात्याची रुंदी २० मिलिमीटर असल्यास २० अंशांसाठी पात्याची पाठ दगडापासून सुमारे ७ मिलिमीटर, तर १५ अंशांसाठी सुमारे ५ मिलिमीटर उचलावी लागते. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा निम्म्यात दुमडल्यास साडेबावीस अंशांचे माप मिळते. जुनाच कोन राखायचा असल्यास उतारावर शाई लावून पाते दगडावर एकदा फिरवतात. शाई केवळ कडेवरची गेल्यास कोन मोठा, केवळ वरची गेल्यास लहान आणि सर्वत्र गेल्यास बरोबर समजावा. अंशांच्या अचूकतेपेक्षा प्रत्येक घासणीत कोन एकसारखा राखणे अधिक महत्त्वाचे असते.

महाराष्ट्रातील परंपरा

शस्त्रे घासून पाजवणाऱ्या कारागिरांस शिकलगार म्हणतात. हे आडनावही महाराष्ट्रात आढळते. पुण्यासारख्या शहरांत सायकलवर दगडी चाक बसवून धार लावणारे फिरते कारागीर कोन केवळ हाताच्या अंदाजाने राखतात. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते फार वेळ दाबून धरल्यास ते तापते. कडेला निळसर छटा आल्यास पोलादाचे 'पाणी उतरले' असे म्हणतात. असा भाग मऊ पडतो आणि तो घासून काढेपर्यंत कोणत्याही कोनात लावलेली धार टिकत नाही. म्हणून पाते अधूनमधून पाण्यात बुडवून थंड करतात.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. कठीण सुपारी फोडणाऱ्या अडकित्त्याचे पाते आणि दाढीचा वस्तरा यांची तुलना केल्यास कामानुसार धार कशी बदलते, हे स्पष्ट होते.